थैलीत एकच वजन

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी 29 वर्षांचा, चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कस्टमर ऑडिट आलं की साहेब महिन्याभराच्या रिकाम्या इन्स्पेक्शन शीट एका रात्रीत भरायला लावतात. कधी शाफ्ट मापाबाहेर जातो, तेव्हा 'दोन पॉइंट इकडे-तिकडे चालतंय, रीडिंग नीट लिही' म्हणतात. मी ख्रिस्ती आहे. आमचे पाळक म्हणतात, बायबलातल्या दानीएलासारखा उभा राहा. घरचे म्हणतात, सगळेच करतात, तुलाच काय झालंय? फ्लॅटचा हप्ता चालू आहे, बायकोला सातवा महिना आहे. दोनदा सही केली आहे, झोप येत नाही. काय करू?"

सलाम. तू वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढा आहेस, म्हणून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस.

मी पाळक नाही. 33 वर्षं भोसरीत इन्स्पेक्शनला काढली. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडायची, कासारवाडीला उतरायचं, आणि दिवसभर मायक्रोमीटर, गेज आणि डिस्पॅचवाल्यांच्या शिव्या. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काही वर्षं वडील (एल्डर) म्हणून काम केलं, त्यामुळे तुझ्यासारखी पोरं रविवारी उपासना सुटल्यावर कोपऱ्यात ओढून नेतात आणि हेच विचारतात. खरेदीतला असो, अकाउंट्सचा असो, बांधकामाच्या साइटवरचा असो, सही सगळ्यांना करायची असते.

आधी तुझ्या साहेबांच्या मागण्या वेगवेगळ्या करू, कारण तू त्या एकाच गाठोड्यात बांधल्या आहेस आणि म्हणून त्याचं ओझं आहे त्यापेक्षा जास्त वाटतंय. माल मापाबाहेर गेला आणि तरी पाठवायचा आहे, हे मुळात खोटं नाही. त्याला रस्ता आहे. कस्टमरला डेव्हिएशन रिक्वेस्ट पाठवायची: व्यास 25.00 च्या आत हवा, 25.02 येतोय, इतके नग आहेत, चालतील का? अर्ध्या वेळा ते चालवून घेतात, कारण त्यांची लाइन थांबलेली असते. उरलेल्या वेळा शंभर टक्के सॉर्टिंग करून चांगले नग जातात. तासाला पाच नग मोजायचे ठरलेत आणि माणूस कमी म्हणून तीनच मोजले, तर तो ढिलेपणा आहे. तो लिहून ठेवता येतो, सुधारता येतो. पण न मोजलेला आकडा लिहिणं, किंवा 25.02 दिसत असताना 24.99 लिहिणं, हे खोटं आहे. त्याला कुठलाही फॉर्म नाही. तुझं भांडण फक्त या शेवटच्याशी आहे. बाकीच्यांवर साहेबांशी वाद घालत बसलास, तर खऱ्या ठिकाणी कोणी ऐकणार नाही.

आता शास्त्राचं. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात एक आज्ञा आहे जी आपल्या धंद्यातल्या माणसाने लिहिल्यासारखी वाटते. थैलीत दोन प्रकारची वजनं ठेवू नकोस, एक मोठं नि एक लहान. तेव्हाची वजनं म्हणजे दगड. व्यापारी ते थैलीत घेऊन फिरायचे. घेताना मोठा दगड, विकताना लहान. गंमत अशी की आज्ञा खोटं मोजू नकोस एवढ्यावर थांबत नाही, दुसरा दगड थैलीत ठेवूच नकोस म्हणते. म्हणजे अजून वापरला नाही, नुसता सोबत आहे, तरी नको. नीतिसूत्रे 11:1 मध्ये खऱ्या वजनाला मूळ हिब्रूत 'एवेन शलेमा' म्हटलंय, पुरा दगड, कुठून झिजवलेला नाही असा. शालोम ज्या धातूवरून आला त्याच धातूचा शब्द. आणि संकटं सोसूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाला आपल्या मराठी बायबलात 'सात्त्विक' म्हटलंय. आपल्याला सात्त्विक म्हटलं की वरणभात-तूप आठवतं, पण तिथला हिब्रू शब्द 'ताम' आहे, म्हणजे अखंड. निर्दोषपणाच्या आधी एकसंधपणा त्यात येतो. घरात एक, ऑफिसात एक, उपासनेत तिसरा, असं नाही.

कारखान्यात हा दुसरा दगड म्हणजे दुसरी वही. मी अशा वह्या पाहिल्या आहेत. एक खरी, तेलाचे डाग पडलेली, मशीनवर लटकवलेली. दुसरी ऑडिटची, इस्त्री केलेल्या शर्टासारखी. ऑडिटरला ती कळत नाही असं समजू नकोस. महिन्याभराची शीट एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत भरली की कागदच सांगतो. खरी रीडिंग भटकतात. टूल झिजत जातं तसा व्यास हळूहळू वर सरकतो, टूल बदललं की खाली उतरतो, जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन गार असताना थोडा वेगळा येतो. खोटी रीडिंग मधोमध घोळका करून बसतात. माणसाला आकडे बनवता येतात, टूलची झीज बनवता येत नाही.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. ही माझी गोष्ट आहे आणि तिच्यात मी चांगला दिसत नाही.

तीसेक वर्षांपूर्वीची 31 मार्चची संध्याकाळ. मी तुझ्याच वयाचा. पिनांचा एक लॉट, चार हजार नग, हीट ट्रीटमेंटहून आलेला. ड्रॉइंगवर हार्डनेस, म्हणजे कडकपणा, 58 ते 62 रॉकवेल. मी पहिला नग लावला, 54. वाटलं, टोक नीट टेकलं नसेल. जागा बदलली, 55. तिसरा नग, 54. गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि त्या दिवशीचं डिस्पॅच गेल्या वर्षाच्या विक्रीत धरायचं होतं. साहेब खाली आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बहुतेक मी अडलो असतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या लॉटला बघू. तू आपला माणूस आहेस." मी लिहिलं: 59, 60, 59, 60, 59. सही मारली. ट्रक गेला. साहेबांनी सगळ्यांना भेळ मागवली. मीही खाल्ली.

दोन-अडीच महिन्यांनी त्या पिना गोणपाटाच्या पोत्यात परत आल्या, झिजलेल्या. कस्टमरला माझा रिपोर्ट गेला होता, त्यावर 59-60. मग चूक कुणाची? भट्टीवरच्या मामांची. त्यांनीच लॉट बदलला असणार, चांगला दाखवून वाईट पाठवला असणार. मामांना पंधरा दिवस बिनपगारी बसवलं. मी चौकशीच्या खोलीत होतो. मला विचारलं, रिपोर्ट तुझाच ना? मी म्हटलं, हो. एवढंच. खोटं बोललो नाही, असं मी कित्येक महिने स्वतःला समजावत होतो.

योहानाच्या शुभवर्तमानात एक बारकावा आहे. येशूच्या पेत्र या शिष्याने प्रभूला तीनदा नाकारलं, तेव्हा तो कोळशाच्या शेकोटीपाशी उभा होता. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशूने तीनदा 'तू माझ्यावर प्रीती करतोस का' विचारलं, तेव्हाही तिथे कोळशाचा विस्तव होता. मला रोज कामाला भट्टीजवळून जावं लागायचं. पुढचं समजून घे.

सात-आठ महिन्यांनी मी आधी नव्या प्लांट मॅनेजरना लेखी सांगितलं, मग मामांच्या घरी गेलो. पंधरा दिवसांच्या पगाराएवढे पैसे पाकिटात घातले होते. बायबलातल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं, माझी चौपटीची ऐपत नव्हती. मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "साहेब, तुमचा रिपोर्ट दाखवला तेव्हाच मला कळलं. माझ्या भट्टीतनं इतका सरळ लॉट कधी निघालाच नाही." मग त्यांनी पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, एक फाटकी होती ती बदलून मागितली, आणि बाकीच्या विठोबाच्या फोटोमागे ठेवल्या. क्षमा केली वगैरे काही म्हणाले नाहीत. चहा मात्र दिला. मॅनेजरनी मला ताकीद दिली आणि वर्षाची बढती अडवली. नोकरी राहिली. तुझी राहील असं मी म्हणत नाही, माझी राहिली एवढंच.

हे एवढं लांबवलं कारण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट नाहीये. तू विचारतोस, नकार दिला तर माझं काय होईल. सही केली तर कुणाचं काय होईल, हे तू विचारलेलं नाहीस. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आठव, 1 राजे 21. अहाब राजाला तो मळा हवा होता, नाबोथ देईना. राणी ईजबेलने अहाबाच्या नावाने पत्रं लिहिली, त्याच्या मुद्रेने मोहोर केली आणि गावच्या वडिलांना पाठवली: दोन खोटे साक्षीदार उभे करा, त्याला दगडमार करा. वडिलांनी पत्रात लिहिल्याप्रमाणे केलं. या वडिलांना मळा मिळणार नव्हता. त्यांचं नाबोथाशी वैर असल्याचंही कुठे लिहिलेलं नाही. वरून कागद आला, त्यांनी खालून पूर्ण केला. सगळेच करतात म्हणतात ना तुझ्या घरचे, तर या गोष्टीतही सगळ्यांनीच केलं.

आता पाळकांच्या दानीएलाकडे येतो. ते चुकीचं सांगत नाहीत, पण दानीएलाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायापासून सुरू करतात, जिथे प्रार्थना सोडली नाही म्हणून त्याला सिंहांपुढे टाकतात. सिंहांच्या गुहेत गेला तेव्हा दानीएल म्हातारा होता. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, त्याला इ.स.पू. 605 च्या सुमारास पकडून नेलं आणि बाबेल पडलं 539 मध्ये. हिशोब कर, ऐंशीच्या घरातला माणूस. आणि तिथे लिहिलंय की तो दिवसातून तीनदा, खिडक्या उघड्या ठेवून, पूर्वी करत असे त्याप्रमाणे प्रार्थना करत राहिला. त्या 'पूर्वी'त साठ-पासष्ट वर्षं आहेत. तुझ्या वयाचा दानीएल, खरं तर तुझ्याहून लहान, पहिल्या अध्यायात आहे आणि तो काय करतो हे फार कमी लोक नीट वाचतात.

राजाच्या ताटातलं खायचं नाही असं त्याने मनात ठरवलं. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढे त्याने ताट लाथाडलं नाही. तो खोजांच्या सरदाराकडे गेला आणि विनंती केली. सरदाराचं त्याच्यावर प्रेम होतं, पण तो म्हणाला, तुमची तोंडं उतरलेली राजाने पाहिली तर माझं डोकं जाईल. म्हणजे नकार. या क्षणी आपल्यातले निम्मे लोक 'देवासाठी छळ सोसतोय' म्हणून कपाळाला हात लावतात आणि उरलेले निम्मे जेवायला बसतात. दानीएलाने सरदाराची भीती ऐकली. ती खरी होती. मग तो खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि त्याला एक मुदत दिली: दहा दिवस आम्हाला शाकान्न आणि पाणी देऊन बघ, मग आमची तोंडं बघ आणि ठरव. ट्रायल लॉट! दहा दिवस, मोजता येणारा निकाल, निर्णय समोरच्याच्या हातात. मला हा अध्याय नेहमी कुठल्यातरी हुशार सुपरवायझरने लिहिल्यासारखा वाटतो.

तुझ्या साहेबाचंही डोकं कुठेतरी अडकलेलं आहे. वरून त्यालाही फोन येतात. म्हणून त्याच्यासमोर नुसता नकार नेऊ नकोस. मी माझ्या हाताखालच्या पोरांना जी वाक्यं पाठ करायला लावायचो ती अशी: "साहेब, मला वीस मिनिटं द्या, लॉटमधले पंचवीस नग मोजून आणतो, मग बोलू." किंवा, "मेल मी ड्राफ्ट करतो, डेव्हिएशन तुमच्या नावाने जाऊ दे." किंवा, "चांगले नग वेगळे करून आजची निम्मी गाडी काढू, निम्मी उद्या सकाळी." आणि हे सगळं फसलं तर शेवटचं, अगदी हळू आवाजात: "रीडिंग मी जे दिसलं तेच लिहितो. माल सोडायचा की नाही तो निर्णय तुमचा आहे, त्यावर सही तुमची घ्या." हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेव. मोजणाऱ्याचं काम मोजणं, सोडणाऱ्याचं काम सोडणं. बहुतेक साहेब तिथे थांबतात, कारण स्वतःची सही करायची वेळ आली की लोक अचानक ड्रॉइंग पुन्हा वाचायला लागतात. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात 'तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही' म्हटलंय, त्यात तिसरा रकाना नाही.

रिकाम्या शीटचं सोपं आहे, पण पोटात गोळा आणणारं. रिकामी ती रिकामी ठेव. आडवी रेघ मार, लिही 'तपासणी झाली नाही', आजची तारीख घाल, शेजारी काय सुधारणा करणार ते. ऑडिटर नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे त्रुटीची लेखी नोंद, देईल. देऊ दे. त्याला उत्तर द्यायला मुदत मिळते, कारण शोधायचं, उपाय लिहायचा, पुरावा लावायचा, ती बंद होते. मी आयुष्यात डझनांनी बंद केल्या आहेत. बनावट रेकॉर्ड सापडलं तर मात्र ऑडिटर बाकीच्या सगळ्या कागदांकडे त्याच नजरेने बघायला लागतो आणि तिथून सुटका नसते. हे साहेबांना ऑडिटच्या आदल्या रात्री सांगू नकोस. आज सांग, ऑडिटला महिना असताना, सोबत माणसांचं वेळापत्रक करून घेऊन जा.

याच पुण्यातली एक गोष्ट मला दानीएलाच्या उघड्या खिडक्यांशेजारी ठेवावीशी वाटते. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि 1890 मध्ये ते पुण्याला आणलं. विधवांचं घर, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या बोलीवर. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. आपल्या खोलीत बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. गावात बोंब झाली. दार लावून घ्या, असं सुचवलं गेलं. त्यांनी लावलं नाही. मुलींवर सक्ती करणार नाही, पण स्वतःची श्रद्धा लपवणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. आपल्या मंडळ्यांत ही गोष्ट सांगताना रानडे-भांडारकरांना बाबेलचे अधिकारी करून टाकतात, ते मला पटत नाही. ज्या बोलीवर आपलं नाव दिलं ती पाळली जात नाही असं त्यांना मनापासून वाटलं आणि त्यांनी उघडपणे नाव काढून घेतलं. तेही खरंच वागले. दोन्हीकडे जे आत ते बाहेर होतं, आणि तरी तुटलं. खरेपणाने वागलं की सगळे जवळ राहतात, असं नाही.

आणि सगळ्याच जागी रेघ इतकी ठळक नसते. 1890 मध्येच पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी गेली, तिथे चहा आला, गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि चहाच्या कपावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उठलं. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारक चिडले, कच खाल्ली म्हणाले. त्यांच्या पत्नी रमाबाई रानड्यांनी लिहिलंय की अडचणीत आलेल्या मित्रांसाठी त्यांनी ते केलं. मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण मला तिथे बायबलातला नामान आठवतो, परक्या राजाचा सेनापती. कुष्ठ बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, परमेश्वर एवढी क्षमा करो. अलीशा भाषण देत नाही. म्हणतो, शांतीने जा. आणि त्याच अध्यायात अलीशाचा चाकर गेहजी नामानाच्या मागे धावतो, खोटं सांगून दोन किक्कार चांदी आणि दोन पोशाख घेतो, आणि नामानाचं कुष्ठ गेहजीला लागतं. परक्या देवळात राजासोबत वाकणारा सुटतो, संदेष्ट्याच्या घरातला भामटा अडकतो. कंपनीच्या पूजेला उभा राहू का, दसऱ्याला मशीनला हार घालू का, असं मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. त्यांना मी नामान वाच म्हणतो आणि त्यांच्यावर सोडतो. दिवाळीला सप्लायरकडून चांदीचं नाणं घेऊ का विचारतात, त्यांना गेहजी वाच म्हणतो आणि त्यांच्यावर सोडत नाही.

नोकरी सोडू का, हा तुझा न विचारलेला प्रश्न. लूकाच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? रोमी सत्तेचे कर गोळा करणारे, लोक थुंकायचे त्यांच्यावर. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. शिपायांना म्हणतो, कोणाला नाडू नका, पगारात समाधान माना. अहाबाच्या वाड्याचा कारभारी ओबद्या होता. ज्या घरात ईजबेल राहायची तिथेच पगार घेत त्याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहेत लपवले आणि त्यांना भाकर-पाणी पुरवलं. वाईट जागी चांगला माणूस असण्याला मोल असतं, जोवर तो तिथे खोट्यावर सही करत नाही.

फक्त एक अपवाद, आणि इथे दहा दिवसांचा ट्रायल नाही. तुझा शाफ्ट ब्रेकमध्ये, स्टिअरिंगमध्ये, कुठल्याही सेफ्टी पार्टमध्ये जात असेल, ड्रॉइंगवर क्रिटिकलची खूण असेल, तर मापाबाहेरच्या लॉटला त्याच मिनिटाला लाल टॅग लाव, लेखी कळव, आणि साहेबाने टॅग काढला तर त्याच्या वरच्याला कळव. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे तिला व्हिजिल मेकॅनिझम, म्हणजे गैरप्रकार कळवायची सोय, ठेवावंच लागतं. त्याचा मेल पत्ता बहुधा वेबसाइटवर असतो. कंपनीचे कागद फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवू नकोस, त्याने तूच अडकशील. स्वतःची डायरी ठेव: तारीख, वेळ, लॉट नंबर, काय दिसलं, कोण काय म्हणालं. मत लिहू नकोस.

पैशाचं बोलू. बायबलातल्या योसेफाने आपला मालक पोटीफर याच्या बायकोला नकार दिला आणि तुरुंगात गेला. सतराव्या वर्षी विकला गेला, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. मधली तेरा वर्षं आपण प्रवचनात एका वाक्यात उरकतो. त्याला फ्लॅटचा हप्ता नव्हता, तुला आहे. म्हणून आज रात्रीच बायकोला सगळं सांग. दोन सह्यांसकट. तिला सातव्या महिन्यात ताण नको म्हणून लपवतोयस हे मला माहीत आहे, मीही लपवलं होतं. पण माझी न झोपलेली रात्र तिला दिसतच होती आणि तिने भलतंच काहीतरी समजून घेतलं होतं. कागद घेऊन बसा. सहा महिन्यांचे हप्ते आणि बाळंतपणाचा खर्च किती होतो, त्यातलं हाताशी किती आहे, गाडी विकली तर किती येतील. बायोडेटा अपडेट कर. हा अविश्वास नाही. हप्त्याच्या भीतीने हात थरथरणारा माणूस मायक्रोमीटर नीट धरू शकत नाही.

केलेल्या दोन सह्यांचं: ते लॉट कुठे आहेत ते आधी शोध. अजून स्टोअरमध्ये किंवा वाटेत असतील तर उद्याच्या उद्या अडव, पुन्हा मोज. गेले असतील तर साहेबांना भेट, मग लेखी दे: अमुक तारखेच्या शीटवरची रीडिंग मोजलेली नव्हती, राखीव नमुने असतील तर मी आत्ता मोजून देतो. त्याआधी एखाद्या वकिलाशी अर्धा तास बोल, घाबरून नाही, शब्द नेमके यावेत म्हणून. एकटा जाऊ नकोस. कारखान्यातला एकजण तरी सोबत घे, तो ख्रिस्तीच असला पाहिजे असं काही नाही. माझ्यासोबत मेंटेनन्सचा एक माणूस आला होता, नास्तिक, देवाचं नाव काढलं की हसायचा. आणि कृपा करून साहेबांच्या केबिनमध्ये वचनं सांगू नकोस. पेत्राच्या पहिल्या पत्रात उत्तर सौम्यतेने द्यावं म्हटलंय. तिथे आकडे बोलू देत. दानीएलाचं नाव आपण दोघांनी घेतलं तेवढं पुरे.

एक राहिलं. साहेबांकडे जाण्याआधी तुझ्या मायक्रोमीटरवरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर बघ, आणि सेटिंग रॉड, म्हणजे ठरलेल्या मापाचा दांडा, लावून शून्य तपास. मी एकदा मोठ्या तावातावाने लॉट अडवला होता, सगळ्या शॉपसमोर. दुसऱ्या दिवशी कळलं की माझंच मायक्रोमीटर दोन शतांशाने जास्त दाखवत होतं. माल चांगला होता. ट्रकवाल्याला जाऊन माफी मागावी लागली, त्याची रात्रीची पाळी फुकट गेली होती.